छापील किमतीच्या आत

नाशिकमधल्या एका खासगी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, आयसीयूकडे जाणाऱ्या लिफ्टशेजारी माझ्या भाच्याचं व्हेंडिंग मशीन उभं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये बसवलं. सेकंडहँड, १,४०,००० रुपयांचं, सहा ट्रे आणि प्रत्येक ट्रेत माल पुढे ढकलणाऱ्या आठ स्प्रिंगा, एका स्प्रिंगला एक वस्तू, म्हणजे एकूण ४८ स्लॉट. आत कूलिंग आहे. पैसे फक्त यूपीआयने घेतं. हॉस्पिटलला महिना ५,००० रुपये भाडं, त्यातच लाइटबिल. कँटीन रात्री दहाला बंद होतं आणि बाहेरच्या टपऱ्या अकरापर्यंत आवरतात, तेव्हा रात्री आपल्याशिवाय कुणी नाही, या एका गोष्टीवर त्याने हा धंदा मांडला होता.

हिशेब बरोबर होता, तरी पहिले काही महिने खोट आली. गिऱ्हाईक येत होतं, माल संपत होता, मशीनही फारसं अडत नव्हतं. महिनाअखेर मात्र खिशातूनच पैसे जात होते. मी निम्मं आयुष्य बिस्किट-वेफर्सच्या एजन्सीत काढलेलं. त्यामुळे त्याने वही आणून दिली तेव्हा मी विक्रीचा आकडा सोडून आधी खरेदीची बिलं मागितली.

महिन्याची विक्री ३८,००० रुपयांच्या आसपास होती. त्यातून सुटणारा नफा जेमतेम ४,७०० रुपये. खर्चाची बाजू अशी: भाडं ५,०००, पेमेंटची यंत्रणा आणि तिच्या सिमकार्डचे ६००, दिवसाआड माल भरायला जायचं पेट्रोल १,२००, तारीख उलटलेला आणि फुटका माल १,१००. सगळे मिळून ७,९००. म्हणजे दर महिन्याला तीन हजारांच्या वर तूट, आणि त्यात मशीनची किंमत किंवा स्वतःच्या वेळेचा पैसा धरलेलाच नाही.

भाच्याचं म्हणणं, "मामा, भाव वाढवावे लागतील. मशीन विकणाऱ्यानेही सांगितलं होतं, वीसची बाटली पंचवीसला लाव, हॉस्पिटलमध्ये कुणी विचारत नाही."

मशीनमध्ये प्रत्येक स्लॉटला वाटेल तो आकडा टाकता येतो, हे खरं. पण आपल्याकडे पॅकबंद मालावर एमआरपी छापलेली असते आणि तिच्यापेक्षा एक पैसाही जास्त घेता येत नाही. वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ तसं स्पष्ट सांगतात. थंड करून देण्याचे दोन रुपये जास्त, ही आपल्या बसस्टँडवरची जुनी सवयही त्याच नियमात बसत नाही. भाच्याने मग हॉटेलांचा दाखला काढला. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल-रेस्टॉरंटवाल्यांच्या बाजूने निकाल दिला, तिथे बाटलीबंद पाण्याचे जास्त पैसे घेता येतात, हेही खरंच आहे. पण तो निकाल उभा आहे सेवेवर: टेबल, वेटर, बसायची जागा. आपल्या मशीनपुढे माणूस उभा राहतो, मोबाइल काढतो आणि वाकून पुडा उचलतो. यात सेवा कुठली दाखवणार?

परदेशातले व्हेंडिंगचे व्हिडिओ बघून धंद्यात उतरणाऱ्या मुलांची गाडी इथेच अडते. तिथला मालक घाऊक बाजारात वस्तू घेतो आणि जागा बघून दुप्पट-तिप्पट भाव लावतो. आपल्याकडे वरची रेघ कंपनीने आधीच मारून ठेवलेली असते. तेव्हा किंमत ठरवायचा खरा प्रसंग माल निवडतानाच येतो: कुठल्या वस्तूत छापील किंमत आणि पडतळ (आपल्याला पडणारा खरेदीभाव) यांच्यात किती अंतर आहे, आणि ती वस्तू आपल्या जागी किती उठते. मशीनच्या कीपॅडवर करण्यासारखं त्यानंतर फार थोडं उरतं.

पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याचं बघू. भाच्याला तो साडेचारला पडत होता, म्हणजे पुड्यामागे पन्नास पैसे सुटत होते. एका स्प्रिंगमध्ये दहा पुडे बसतात. रोज अख्खी स्प्रिंग रिकामी झाली तरी हातात पाच रुपये. दहाच्या वेफर्समध्ये रुपयाभर सुटतो. किराणा दुकानदाराला हे परवडतं, कारण त्याच्या फळीवर साखर, तेल, साबण, उदबत्ती असं दोनशे प्रकारचं सामान असतं आणि बिस्किटाला आलेलं पोर सोबत आणखी काही नेतं. आपल्या फळीला ४८ भोकं, आणि प्रत्येक भोकाला भाडं.

म्हणून विक्रीचा आकडा आणि टक्के दोन्ही बाजूला ठेवून मी त्याला एकच आकडा काढायला लावला: एका स्लॉटमागे रोजचा नफा. महिन्याचं भाडं आणि वरखर्च ४८ स्लॉट आणि ३० दिवसांवर पसरला की प्रत्येक स्लॉटला रोज साडेपाच रुपये कमवावे लागत होते, तेही तूट भरून काढण्यापुरते. रोज संपणाऱ्या बिस्किटाच्या स्प्रिंगलाही ते जमत नव्हतं.

मशीनचा रिपोर्ट उघडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. एकाच कंपनीच्या वेफर्सचे चार रंग, म्हणजे चार चवी, चार स्लॉट अडवून होते, आणि त्यातल्या दोन रंगांना अजून प्रत्येकी दुसरा स्लॉट दिलेला. दुसऱ्या स्लॉटमुळे विक्री वाढते असं वाटतं. खरं तर पहिला रिकामा झाला तरच दुसऱ्याला काम मिळतं, आणि इथे पहिलाच दोन दिवसांत निम्मा रिकामा होत होता. दुसरा स्लॉट फक्त माल सांभाळत बसला होता. पाण्याला मात्र दोनच स्लॉट होते, बारा बाटल्या. त्या संध्याकाळी सातपर्यंत संपत. दिवसाआड फेरी असल्यामुळे पुढचा दीड दिवस मशीनमध्ये पाणी नाही, आणि रात्रीची, म्हणजे ज्या वेळेसाठी मशीन ठेवलं ती सगळी वेळ, ती बटणं मेलेली. लिटरच्या बाटलीवर वीस रुपये छापलेले, त्याला ती पेटीच्या भावात बाराला पडत होती. मशीनमधली सर्वात जास्त पैसे देणारी वस्तू, आणि तिला जागा सर्वात कमी.

गिऱ्हाईक कोण आहे याचा विचार यानंतर सुरू झाला. आधी झाला असता तर बरं, पण नवीन माणूस आधी कंपनीची यादी बघतो. या हॉस्पिटलमध्ये पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरी इथून पेशंट येतात. संध्याकाळी शेतातून थेट उचलून आणलेला माणूस, बरोबर बायको, भाऊ, एखादा शेजारी. रात्र काढायची आहे हे त्यांना इथे आल्यावर कळतं. कपड्यांची पिशवीसुद्धा नसते. मोबाइलची बॅटरी दहा टक्क्यांवर आणि गावाकडून फोनावर फोन. या माणसाला चॉकलेटचे आठ प्रकार कशाला हवेत?

भाच्याने रात्रपाळीच्या वॉचमनला विचारलं, लोक काय मागतात. वॉचमनकाकांनी क्षणाचाही विचार न करता यादी सांगितली: पाणी, चार्जर, ब्रश-पेस्ट, बायकांसाठी पॅड, कंगवा, साबण, तोंड पुसायला काहीतरी, आणि उपास असेल तर खायला काय. पुढचे दोन महिने या यादीवर काम झालं.

खाण्याखेरीजच्या मालाला दहा स्लॉट दिले. ब्रश, छोटी पेस्ट, साबणवडी, खोबरेल तेलाची लहान बाटली, कंगवा, नॅपकिन, पॅड. या वस्तूंत सरासरी तीस रुपयांमागे आठ रुपये सुटतात, तारीख लवकर उलटत नाही आणि फुटत नाहीत. अडचण वेगळीच निघाली. मशीन पुड्यांसाठी बनवलेलं. नॅपकिनची गुंडाळी रबर लावून ठेवली तर ती स्प्रिंगच्या वळणात अडकून बसायची आणि गिऱ्हाइकाचे पैसे कटून परत यायला वेळ जायचा. कंगवा आडवा होऊन काचेला टेकायचा. शेवटी पेस्टच्या खोक्याच्या मापाचे साधे पुठ्ठ्याचे खोके करून घेतले. प्रत्येक वस्तू एका मापाच्या खोक्यात उभी, वर वस्तूचं नाव मोठ्या मराठी अक्षरांत, आणि छापील किमतीचं मूळ लेबल दिसेल अशी एका बाजूला खिडकी. नावं मोठी लिहिल्याचा उपयोग चित्रांपेक्षा जास्त झाला.

या सगळ्याचं एक पाकीट करून ९९ रुपयांना विकू, असं त्याच्या मनात आलं. मी थांबवलं. स्वतः पाकीट बांधलं की आपण पॅकर ठरतो. मग नाव-पत्ता, वजन-संख्या, महिना-वर्ष, किंमत हे सगळं आपण छापायचं आणि वैध मापन खात्याकडे पॅकर म्हणून नोंदणीही करायची. एका मशीनसाठी ही उठाठेव नको. सुटं विकलेलं बरं, शिवाय ज्याला फक्त ब्रश हवा त्याला साबण गळ्यात घ्यावा लागत नाही.

चार्जिंग केबलला दोन स्लॉट दिले: एक सी-टाइप, दुसरी जुन्या बारीक पिनची, कारण गावाकडच्या साध्या फोनांना तीच लागते. पडतळ ७० रुपये, पाकिटावर छापलेली किंमत १९९. इथे आमचं खरं भांडण झालं. भाचा म्हणाला, छापील किंमत आहे, कायद्यात बसतं, लावू १९९. माझं मत १४९. दयेपोटी म्हणत नव्हतो. रात्री दोन वाजता अडलेला माणूस १९९ देईलच, पण सकाळी बाहेरच्या टपरीवर तीच केबल शंभर-सव्वाशेला बघितली की वॉचमनकाकांपाशी येऊन बोलेल, आणि काका पुढच्याला सांगतील, थांब सकाळपर्यंत. हॉस्पिटलमधलं मशीन अशा शब्दावर चालतं. १४९ लावली. महिन्याला ४५ च्या आसपास जातात, एका केबलमागे ७९ रुपये. तिसरा स्लॉट द्यायचा मोह होतो, पण दिवसाला दीड केबल खपते तिथे तिसऱ्या स्लॉटने तिसरी केबल खपत नाही.

वॉचमनकाकांचा आणखी एक उपयोग झाला जो कुठल्याही हिशेबात नव्हता. यूपीआय नसलेले म्हातारेकोतारे मशीनपुढे उभे राहून परत जायचे. काका त्यांच्याकडून रोख घ्यायचे आणि स्वतःच्या फोनवरून पैसे भरायचे. वर एक रुपया घेत नाहीत. नोटा घेणारं यंत्र बसवायचा खर्च त्यामुळे पुढे ढकलता आला. भाचा रोज रात्री त्यांच्यासाठी एक पाण्याची बाटली आणि चिवड्याचं पाकीट बाजूला ठेवतो.

चिवड्याबद्दल सांगायलाच हवं, कारण तिथे नाशिकचं नाशिकपण कामाला आलं. मोठ्या कंपनीच्या पुड्यात दहा-अकरा टक्के सुटतात. स्थानिक चिवडेवाल्याच्या, राजगिरा चिक्कीवाल्याच्या, शेंगदाण्याच्या लाडवांच्या पॅकबंद पाकिटांवर वीस-बावीस टक्के सुटतात, त्यांच्याकडे अन्न परवाना असतो, आणि माल संपला की फोन केल्यावर दुपारपर्यंत येतो. शिवाय हे खाणं गावाकडच्या माणसाच्या ओळखीचं. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, श्रावण, नवरात्र: हॉस्पिटलमध्ये बसलेल्या घरात एक तरी उपास करणारं माणूस सापडतं, आणि पेशंट आत असला की न करणारेही करतात. त्यांच्यासाठी मशीनमध्ये आधी काहीच नव्हतं. आता राजगिरा चिक्की, केळ्याचे वेफर्स आणि उपासाचा चिवडा असे तीन स्लॉट कायम असतात. संकष्टीच्या आदल्या दिवशी ते पाच होतात. माल भरायच्या यादीवर तिथीचा रकाना असलेलं व्हेंडिंग मशीन मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

वेफर्स-बिस्किटं काढून टाकली नाहीत, वीस स्लॉटवर आणली. नुसत्या नफ्याने बघितलं तर त्यांनाही हाकलायला हवं होतं. पण अर्ध्या रात्री भूक लागल्यावर माणूस त्यांच्यासाठीच मशीनकडे येतो आणि मग शेजारचा ब्रश त्याला दिसतो. बिस्किटांची जागा बदलली तेवढी: वरच्या ट्रेवरून पडून पुडे आतून चुरा होत होते, ते खालच्या दोन ट्रेवर घेतले. वरती आता नॅपकिन आणि कंगव्यांचे खोके. फुटक्या मालाच्या तक्रारी त्यानंतर जवळजवळ बंद झाल्या.

२०२५ च्या उन्हाळ्यातल्या एका महिन्याचे आकडे असे आले. पाण्याला सहा स्लॉट, ९०० बाटल्या, नफा ७,२००. केबलला दोन स्लॉट, ३,५५५. खाण्याखेरीजचा माल दहा स्लॉट, ३,३६०. स्थानिक खाऊ सहा स्लॉट, २,२००. वेफर्स-बिस्किटं वीस स्लॉट, तेवढेच २,२००. ताक-ज्यूस चार स्लॉट, ६००. एकूण विक्री ७३,३०५, नफा १९,११५. पाण्यासाठी आता रोज फेरी लागते, म्हणून पेट्रोल वाढून २,४०० झालं; वाया जाणारा माल ४०० वर आला. भाडं आणि पेमेंटचा खर्च तेवढाच. सगळं जाऊन हातात १०,७०० उरले. स्लॉटमागे रोजचा नफा काढला तर केबल ५९ रुपये, पाणी ४०, स्थानिक खाऊ १२, साबण-ब्रश ११, ताक-ज्यूस ५, आणि वेफर्स-बिस्किटं पावणेचार. यात मला सगळ्यात बोलका वाटतो तो दुसराच आकडा: पूर्वी खाण्यापिण्याचा माल, पाणी सोडून, ४६ स्लॉटमधून ३४,४०० चा जात होता, आता ३० स्लॉटमधून ३६,००० चा जातो.

सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला. २२ तारखेपासून बिस्किटं, चॉकलेट, बाटलीबंद पाणी, साबण, पेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आलं, फरसाण-नमकीन १२ वरून ५ वर. केबल १८ वरच राहिली. पाचचा पुडा चार रुपये पंचेचाळीस पैशांना झाला आणि दहाचा आठ नव्वदला. किराणा दुकानदारांपुढे प्रश्न पडला की पंचावन्न पैसे परत कुठून द्यायचे. यूपीआयवर चालणाऱ्या मशीनला तो प्रश्नच नव्हता, ४.४५ म्हणजे ४.४५. आमची अडचण उलट्या बाजूची होती. एका स्प्रिंगमध्ये जुना माल आणि नवा माल मागे-पुढे असतो, पण स्लॉटला किंमत एकच लावता येते. साडेचारला घेतलेला जुना पुडा चार पंचेचाळीसला विकायचा म्हणजे पदरचे पाच पैसे. बातमी आधीच फुटली होती म्हणून त्याने पंधरा तारखेपासून बिस्किटांची खरेदी थांबवली, २१ च्या रात्रीपर्यंत स्प्रिंगा ओस पडू दिल्या आणि २२ ला नव्या किमतीचा माल भरला. पुढे कंपन्यांनी वजन वाढवून पाच-दहाचे पुडे परत आणायला सुरुवात केली, तेव्हा पुन्हा तीच कसरत.

ऑक्टोबरमध्ये आणखी एक झालं. ताक-ज्यूसच्या रांगेत एक गोड पेय होतं, पॅकवर ओआरएस (जुलाबात देतात ते मीठ-साखरेचं औषधी मिश्रण) ही अक्षरं मिरवणारं. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, पेयांच्या नावात ती अक्षरं वापरायला मनाई केली. आदेश येण्याआधीच ते मशीनमधून काढायला हवं होतं असं माझं मत आहे. जुलाब झालेल्या पोरासाठी बाप औषध समजून साखरेचं पाणी नेतो, तेही हॉस्पिटलच्या आत लावलेल्या मशीनमधून. रिकाम्या स्लॉटमध्ये साधं ताक गेलं. कमी सुटतं, पण चालतं.

नोव्हेंबरमध्ये अकरा महिन्यांचा करार संपला आणि हॉस्पिटलच्या प्रशासनाने नवा प्रस्ताव ठेवला: ठरलेलं भाडं नको, विक्रीच्या १५ टक्के द्या. गर्दी त्यांच्याही डोळ्यांत आली होती. विक्री तेव्हा ७०,००० च्या आसपास, म्हणजे १०,५०० त्यांचे. नफा साधारण १८,५००, बाकीचा खर्च ३,४००, भाच्याकडे उरणार ४,६००. त्याहून वाईट म्हणजे ज्या वेफर्समध्ये अकरा टक्के सुटतात, त्यावर पंधरा द्यायचे. शंभराच्या प्रत्येक विक्रीत चार रुपये घरचे. असा करार केला की वीस स्लॉट दुसऱ्या दिवशी बंद करावे लागतात.

भाचा बैठकीला तोच स्लॉटवार तक्ता घेऊन गेला आणि खरेदीची बिलंही पुढे ठेवली. ती दाखवावीत का यावर घरात दोन मतं होती. माझं मत दाखवावीत असं होतं, कारण एमआरपीचा माल आहे, लपवण्यासारखं त्यात काही नाही. प्रशासकांना वेफर्स-बिस्किटं हवीच होती, रात्री नर्सही तीच घेतात. दोन बैठकांनंतर ६,५०० रुपये ठरलेलं भाडं, लाइटबिलासह, पुन्हा अकरा महिने, असं कागदावर आलं. त्यांच्या बाजूने दोन अटी घातल्या गेल्या: सोडावालं कुठलंही पेय ठेवायचं नाही, आणि पाण्याचा एक तरी स्लॉट चोवीस तास भरलेला हवा. दुसऱ्या अटीसाठी पाण्याला सातवा स्लॉट दिला, वेफर्सचा एक कमी करून.